इशायाच्या बुंध्याचा धुमारा: मशीहाला ‘अंकुर’ का म्हटले आहे?

प्रश्न असा आहे: आगमनकाळात मंडळीत यशयाचा अकरावा अध्याय वाचला गेला. “इशायाच्या बुंधाला धुमारा फुटेल, त्याच्या मुळांतून फुटलेली शाखा फळ देईल.” संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना हे शिकवायचे आहे. हा बुंधा कशाचा? राजा तर दावीद होता, मग नाव त्याच्या बापाचे का? आणि जखऱ्याच्या पुस्तकात ‘अंकुर’ हे एखाद्या माणसाचे नाव असल्यासारखे येते, तो माणूस कोण?

ताई, जुना करार शिकवताना हे तिन्ही प्रश्न मला वेगवेगळ्या वर्गांत पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत, आणि तिन्ही एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. नाताळच्या भेटकार्डांवर हिरवी फांदी काढलेली असते, त्यावर यशयाचे वचन छापलेले असते, आणि आपल्याला वाटते की मशीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला राजा, एका डेरेदार वृक्षाची सर्वांत सुंदर फांदी. संदेष्ट्यांच्या डोळ्यांसमोर मात्र कुऱ्हाड चाललेले झाड होते. ती कुऱ्हाड वगळून अंकुर शिकवला तर वचनाचा निम्मा अर्थ हातातून जातो. म्हणून आधी कुऱ्हाडीबद्दल.

अकरावा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचू नका. अध्यायांचे आकडे मध्ययुगात घातले गेले, यशयाने नाही. दहाव्या अध्यायाच्या पाचव्या ओवीपासून सुरुवात करा. तिथे अश्शूर आहे, त्या काळची महासत्ता. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास तिने शोमरोन घेतले आणि उत्तरेचे इस्राएल राज्य संपवले, इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याचे सैन्य दक्षिणेच्या यहूदा राज्याची गावे घेत यरुशलेमेच्या वेशीपर्यंत आले. यशया या अश्शूराला देवाच्या हातातली काठी म्हणतो आणि लगेच विचारतो: कुऱ्हाड आपल्याला चालवणाऱ्यापुढे बढाई मारील काय? पुढे सदतिसाव्या अध्यायात सन्हेरीबाच्या तोंडी एक वाक्य येते: मी रथ घेऊन लबानोनाच्या माथ्यावर चढलो, तिथले उंच गंधसरू तोडले. हे नुसते काव्य नाही. अश्शूरी राजे आपल्या शिलालेखांतही हेच अभिमानाने कोरून ठेवत. त्यांच्या महालांच्या तुळया लबानोनच्या लाकडाच्या असत.

आता दहाव्या अध्यायाच्या शेवटच्या दोन ओव्या बघा. सेनाधीश परमेश्वर फांद्या छाटतो, उंच वाढलेली झाडे पाडतो, रानाची झाडी लोखंडाने तोडतो आणि लबानोन कोसळतो. झाडे तोडणारा स्वतःच झाडांसारखा आडवा होतो. सगळीकडे तुटलेले रान, आणि त्यात पुढची ओवी: इशायाच्या बुंध्याला धुमारा.

इथे झाडांबद्दल एक गोष्ट मुलांना जरूर सांगा, कारण ती त्या देशातल्या शेतकऱ्याला न सांगता कळत होती. लबानोनचा गंधसरू तोडला की संपतो. तो सूचिपर्णी आहे. त्याच्या उरलेल्या खुंटाला नवी फूट येत नाही. यहूदाच्या डोंगरउतारावरची जैतुनाची आणि ओकची झाडे मात्र वेगळी. जैतुनाचे झाड जमिनीलगत कापले तरी मुळाशी चारी बाजूंनी कोवळे धुमारे येतात. १२८ व्या स्तोत्रात मेजाभोवती बसलेल्या मुलांना जैतुनाच्या रोपांची उपमा दिली आहे, ती हेच चित्र पाहून. ईयोबही चौदाव्या अध्यायात म्हणतो की झाडाला आशा असते. तोडले, मूळ जमिनीत जुने झाले, बुंधा मातीत मेला, तरी पाण्याच्या नुसत्या वासाने ते पुन्हा फुटते. इशायाचे झाड कोणते हे यशया सांगत नाही, त्यामुळे ते जैतुनाचेच होते असे ठासून सांगू नका. पण एकीकडे उन्मळून गेलेले लबानोन आणि दुसरीकडे फुटणारा बुंधा अशी जोडी त्याने लावली आहे, आणि ती ऐकणाऱ्याला त्यातला फरक ठाऊक होता.

तुमच्या मुलांपैकी कुणाच्या घरी ऊस असेल तर खोडवा म्हणजे काय हे त्याला विचारा. तोडणी झालेली असते, रान मोकळे दिसते, पण नवी लागण केलेली नसते. जमिनीतल्या त्याच मुळातून पुढचे पीक येते. धुमारा हे नव्याने लावलेले रोप नव्हे. देवाने दावीदाचे घराणे मोडीत काढून दुसरीकडे कुठे नवे झाड लावले असे यशया म्हणत नाही. मूळ तेच, वचन तेच, वर दिसणारे सगळे मात्र गेलेले.

अभ्यासकांमध्ये इथे एक खरा वाद आहे. यशयाच्या हयातीत यरुशलेमेत दावीदवंशी राजा गादीवर होता. मग झाड तुटले कधी? काहींच्या मते ही ओवी बंदिवासानंतर, म्हणजे यहूदाच्या लोकांना बाबेलला कैद करून नेल्यानंतर, लिहिली गेली. काही म्हणतात की इथे बुंधा म्हणजे नुसते खोड, तोडलेले असलेच पाहिजे असे नाही. मला दोन्ही पटत नाहीत. यशयाला पाचारण झाले त्याच सहाव्या अध्यायाच्या शेवटी देशाची तुलना तोडलेल्या एला आणि ओक वृक्षांशी केली आहे, आणि त्यांचा उरलेला बुंधा हेच पवित्र बीज असे म्हटले आहे. तुटलेल्या झाडाचे चित्र त्याच्याजवळ सेवेच्या पहिल्या दिवसापासून होते. सातव्या अध्यायात अराम आणि इस्राएल चालून येत आहेत ही बातमी कळताच आहाज राजाचे आणि लोकांचे काळीज वाऱ्याने रानातली झाडे हलावीत तसे हलले, असे लिहिले आहे. राजा गादीवर बसलेला होता, पण संदेष्ट्याला तो आतून पोखरलेला वृक्ष दिसत होता. प्रत्यक्ष कुऱ्हाड पडायला शंभराहून अधिक वर्षे लागली, एवढेच.

आता इशाय. हा बेथलेहेमचा मेंढपाळ घरातला म्हातारा. तो कधी राजा नव्हता. शमुवेलाच्या पुस्तकांत ‘इशायाचा पुत्र’ हे शब्द कुणाच्या तोंडी येतात ते मुलांना शोधायला लावा; वर्गात हा अभ्यास फार रंगतो. दावीदाच्या आधीचा राजा शौल रागाने म्हणतो. नाबाल उर्मटपणे विचारतो, दावीद कोण, इशायाचा पुत्र कोण? शबा बंड करतो तेव्हा तो ओरडतो की इशायाच्या पुत्राच्या ठायी आम्हांला वतन नाही. पुढे राज्य दुभंगले तेव्हा दहा वंशांनी हीच घोषणा दिली. ज्यांना दावीदाचे राजेपण मान्य नव्हते ते त्याला बापाच्या नावाने हाक मारत: तू कुठला राजा, तू त्या खेडुताचा पोरगा.

यशया तेच नाव उचलतो. झाड इतके खाली कापले जाईल की दावीदही दिसणार नाही. राजवाडा, सिंहासन, शलमोनाचे सोने सगळे जाईल आणि बेथलेहेमचे ते शेतकरी घर तेवढे उरेल. धुमारा तिथून फुटेल. त्याच काळातला मीखा संदेष्टाही यरुशलेम सोडून बेथलेहेम एफ्राथाकडे बोट दाखवतो, तो याच कारणाने. आणि म्हणूनच पुढच्या ओव्यांत या राजाचे वर्णन करताना रथ, घोडे, जनानखाना, खजिना यांतले काही येत नाही. परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर राहील, तो डोळ्यांना दिसेल त्यावरून न्याय करणार नाही, दीनांचा न्याय नीतीने करील. मागच्या राजांनी ज्यात कसूर केली तेच काम याच्या वाट्याला आहे. तुम्ही लांडगा आणि कोकरू यांच्या ओवीवर घाईने जाऊ नका. मुलांना ती आवडते हे खरे, पण ती दीनांच्या न्यायानंतर येते, आणि तो क्रम महत्त्वाचा आहे.

दुसरा टप्पा यिर्मया संदेष्टा. इथे कुऱ्हाड खरोखर पडते. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन याला पकडून बाबेलला नेले. यिर्मया त्याला कोन्या म्हणतो आणि त्याच्याविषयी एक भयंकर वचन सांगतो: तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी मी तुला उपटून काढले असते; या माणसाची निःसंतान अशी नोंद करा, याच्या वंशातला कोणी दावीदाच्या सिंहासनावर बसणार नाही. हा बाविसावा अध्याय. आणि पान उलटताच तेविसाव्यात, पाचव्या ओवीत: मी दावीदासाठी एक नीतिमान अंकुर उगवीन. दोन वचनांमध्ये जेमतेम काही ओव्यांचे अंतर आहे. त्या वेळी गादीवर बाबेलने बसवलेला सिद्कीया होता. त्याच्या नावात ‘परमेश्वर’ आणि ‘नीतिमत्ता’ हे दोन्ही शब्द होते. येणाऱ्या अंकुराचे नाव यिर्मया ‘परमेश्वर आमची नीतिमत्ता’ असे सांगतो. गादीवरच्या माणसाला हे नक्की झोंबले असेल.

‘नीतिमान अंकुर’ याला कायद्याचीही बाजू आहे. सायप्रस बेटावर लापेथोस इथे सापडलेल्या फिनिकी भाषेतल्या एका लेखात, इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या, हाच शब्दप्रयोग राजघराण्याच्या हक्काच्या वारसासाठी आला आहे. म्हणजे यिर्मयाच्या श्रोत्यांनी यातून दोन गोष्टी ऐकल्या असाव्यात: हा न्यायाने वागणारा आहे, आणि गादीचा खरा वारसही हाच आहे, बाबेलने नेमलेला तो नव्हे.

यहोयाखीनाचे पुढे काय झाले याची एक चकित करणारी नोंद बाबेलच्या मातीतून निघाली आहे. जर्मन उत्खननात तिथल्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांचे वाचन १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कोठारातल्या शिध्याच्या नोंदी आहेत, कुणाला किती तेल दिले याच्या. त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन याचे नाव आहे, आणि त्याच्या पाच मुलांचे तेलही लिहिले आहे. एका कैदी राजाच्या पाच पोरांना शत्रूच्या कोठारातून मोजून दिलेले तेल! कारकुनाने रोजचा हिशेब लिहिला. आपण वाचतो तेव्हा कापलेल्या बुंध्याच्या कडेने फुटलेले पाच धुमारे दिसतात. यिर्मयाच्या ‘निःसंतान’चा अर्थही यातून स्पष्ट होतो: मुले होती, गादी नव्हती.

त्याच बंदिवासात यहेज्केल सतराव्या अध्यायात गंधसरूचे चित्र वापरतो. मोठा गरुड येऊन शेंड्याची डहाळी तोडून नेतो, ती डहाळी म्हणजे यहोयाखीन. आणि शेवटी देव स्वतः गंधसरूच्या शेंड्याची कोवळी डहाळी घेऊन इस्राएलच्या उंच पर्वतावर लावतो. यहेज्केलाने बुंध्याचे चित्र घेतले नाही, कारण झाड गंधसरूचे आहे आणि त्याच्या खुंटाला फूट येत नाही, असे मला वाटते. संदेष्टे झाडे नीट पाहत असत.

आता जखऱ्या, आणि तुमचा तिसरा प्रश्न. इ.स.पू. ५३८ नंतर बंदिवान परत येऊ लागले. इ.स.पू. ५२० मध्ये, पारसाचा राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षी, मंदिराचे अडलेले काम पुन्हा सुरू झाले. प्रांताधिकारी होता जरूब्बाबेल, त्या यहोयाखीनाचा नातू. महायाजक होता यहोशवा. हाग्गय संदेष्टा जरूब्बाबेलाला म्हणतो, परमेश्वर तुला मुद्रेच्या अंगठीसारखे करील. आजोबांच्या वेळी उपटून फेकलेली अंगठी परत बोटात! हे ऐकणाऱ्यांना अंकुर कोण याची शंका उरली नसणार.

पण जखऱ्याचा सहावा अध्याय सावकाश वाचा. बाबेलहून आलेल्या काही लोकांकडून सोने-रुपे घेऊन मुकुट करायला सांगितले आहे. तो मुकुट कुणाच्या डोक्यावर ठेवतात? यहोशवाच्या, याजकाच्या. आणि त्याला सांगितले जाते: पाहा, ज्याचे नाव अंकुर आहे तो पुरुष, तो आपल्या ठिकाणी उगवेल आणि परमेश्वराचे मंदिर बांधील. जरूब्बाबेलाचे नाव या प्रसंगात नाही. शेवटी मुकुट कुणीही घरी नेत नाही. तो मंदिरात स्मारक म्हणून ठेवायचा आहे. काही अभ्यासकांचा कयास असा की पारसाच्या राज्यात दावीदवंशी माणसाला मुकुट घालणे म्हणजे उघड बंड ठरले असते. असेलही. पण ग्रंथ आपल्या हाती आहे तसा वाचला तर परिणाम वेगळा होतो. मंदिर दारयावेशाच्या सहाव्या वर्षी पूर्ण झाले, जरूब्बाबेल नोंदींमधून निघून गेला, आणि मुकुट तसाच राहिला, ज्याच्या डोक्यावर बसायचा त्याची वाट पाहत. ‘अंकुर’ इथे विशेषण राहिले नाही, ती पदवी झाली. म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर: जखऱ्याच्या पहिल्या श्रोत्यांनी जरूब्बाबेलाकडे पाहिले असेल, पण ग्रंथाने ते नाव त्याला चिकटू दिले नाही.

मुलांना हेही कळू द्या की ही आशा ख्रिस्ती लोकांनी नंतर जोडलेली नाही. मृत समुद्राजवळ कुमरान इथे सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये ‘दावीदाचा अंकुर’ शेवटल्या काळी उभा राहील असे लिहिले आहे, आणि यशयावरच्या एका भाष्यात कोसळणारे लबानोन आणि इशायाचा धुमारा या ओव्या सलग घेतल्या आहेत. लबानोन म्हणजे कित्तीम, परके सैन्य, असा अर्थ तिथे लावला आहे. म्हणजे दहावा आणि अकरावा अध्याय जोडून वाचण्याची रीत येशूच्या काळाच्याही आधीची. यहुदी लोक आजही रोजच्या उभ्याने म्हणायच्या प्रार्थनेत दावीदाचा अंकुर लवकर उगवो असे मागतात. अलिबागच्या आणि मुंबईच्या सिनेगॉगांत आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल बांधवही हीच प्रार्थना हिब्रूत म्हणत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने तो अंकुर अजून यायचा आहे. आपण तो येशू असे मानतो. वर्गात हा फरक आदराने सांगावा.

नव्या करारात पौल रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात यशयाच्या याच अकराव्या अध्यायाची दहावी ओवी घेतो आणि परराष्ट्रीय त्याची आशा धरतील यावर भर देतो. प्रकटीकरणाच्या शेवटी येशू स्वतःला दावीदाचे मूळही म्हणतो आणि संतानही. माझ्या मते तिथे योहान जाणूनबुजून दोन्ही धरतो, दावीद ज्याच्यापासून आला तो आणि दावीदापासून जो आला तो. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातल्या ‘नासोरी’ या शब्दाचा यशयाच्या त्याच ओवीतल्या ‘शाखा’ या शब्दाशी संबंध असावा असे बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोम याच्या काळापासून म्हटले जाते. हिब्रूत ध्वनी जुळतो, शक्यता चांगली आहे, पण सिद्ध झालेले नाही. मुलांना तसेच सांगा.

मला यापेक्षा मत्तयाचा पहिला अध्याय जास्त महत्त्वाचा वाटतो, जो आपण कंटाळवाणा म्हणून सोडतो. वंशावळ तीन भागांत आहे आणि मत्तयाने दुसरा भाग नेमका बाबेलच्या बंदिवासावर, यखन्या म्हणजे त्याच यहोयाखीनाच्या नावावर तोडला आहे. शाप मिळालेला राजा त्याने लपवला नाही. कुऱ्हाडीचा घाव वंशावळीत दिसेल असा ठेवला. तिसऱ्या भागात जरूब्बाबेलनंतर अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक अशी नावे येतात. जुन्या करारात या माणसांची काहीच कथा नाही. राजे नाहीत, सरदार नाहीत. जमिनीखालचे मूळ पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालत राहिले, आणि ते वर आले ते नासरेथच्या एका सुताराच्या घरी. यशया त्रेपन्नमधले रुक्ष भूमीतले रोप, ज्याला ना रूप ना शोभा, ते याच्या शेजारी ठेवून वाचा.

एक गल्लत मात्र टाळा. योहान पंधरामध्ये येशू म्हणतो, मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात. ती वेगळी प्रतिमा आहे. तिथे तो खोड आहे आणि आपण त्यातून निघालेलो. इथे तो स्वतः तुटलेल्या खोडातून निघालेला आहे. संडे स्कूलच्या फलकावर दोन्ही चित्रे एकत्र काढली की मुले गोंधळतात, आणि मोठी माणसेही. वेलीचा पाठ दुसऱ्या रविवारी घ्या.

तुमच्याकडे आगमनकाळाचे चार रविवार आहेत. पहिल्या रविवारी यशया १०:५ ते ११:१०, दुसऱ्या रविवारी यिर्मया २२:२४ ते २३:६, तिसऱ्या रविवारी हाग्गयाच्या शेवटच्या चार ओव्या आणि जखऱ्या ६:९ पासून पुढे, चौथ्या रविवारी मत्तय १ ची वंशावळ मोठ्याने, सगळी नावे घेऊन. तिसरा रविवार अवघड जाईल. त्या दिवशी मुलांना एक कागदी मुकुट करायला लावा आणि तो कुणाच्याही डोक्यावर न ठेवता वेदीजवळ ठेवा.